मेन पिक्चरच्या आधी

टॉम अँड जेरीचा कुठलाही जुना भाग घ्या, सात मिनिटांच्या आसपास संपतो. बग्ज बनीचा घ्या, तोही तेवढाच. पॉपाय, डोनाल्ड, वूडी वूडपेकर, सगळे सहा ते आठ मिनिटांत गाशा गुंडाळतात. लहानपणी टीव्हीवर हे कधी जाणवलंच नाही, कारण एक संपला की दुसरा सुरू व्हायचा आणि आई ओरडेपर्यंत चालूच राहायचं. खूप नंतर कधीतरी प्रश्न पडला की सातच का? पाच का नाही, वीस का नाही? आणि एकमेकांशी सतत स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनी वर्षानुवर्षं हाच एक आकार का धरून ठेवला?

उत्तर अगदी रुक्ष आहे. तो आकार थिएटरने ठरवला. या कार्टूनांमधलं आपल्याला जे जे आवडतं ना, तो वेग, ती मारामारी, ते न बोलणं, तो अखंड वाजणारा ऑर्केस्ट्रा, त्यातलं बरंचसं कुणा एकाच्या प्रतिभेतून जितकं आलं तितकंच थिएटरच्या धंद्यातून आलं, असं माझं मत होत चाललंय.

१९३०-४० च्या अमेरिकेत तिकीट काढून आत गेलात की फक्त पिक्चर बघायला मिळायचा नाही. बातम्यांचं एक रीळ, एखादी प्रवासाची नाहीतर विनोदी छोटी फिल्म, येणाऱ्या पिक्चरांची झलक, एक कार्टून आणि मग मेन पिक्चर. मंदीच्या काळात तर बऱ्याच ठिकाणी एका तिकिटात दोन पिक्चर. खेळ सलग चालायचे, लोक मधूनच आत शिरायचे, अर्धा पिक्चर बघायचे, मग बातम्या, मग कार्टून, मग पिक्चरचा आधीचा अर्धा भाग, आणि 'इथून आपण बघितलंय' असं झालं की उठून जायचे. या सगळ्या गर्दीत कार्टूनला मिळायची एका रिळाची जागा. ३५ एमएमचं हजार फुटांचं रीळ पूर्ण भरलं तर साधारण अकरा मिनिटं चालतं. पण कार्टूनचं प्रत्येक सेकंद हाताने काढायचं असतं, त्यामुळे कुणीही रीळ पूर्ण भरायच्या फंदात पडायचं नाही. सहा-सात मिनिटं झाली की बास. तेवढ्यात थिएटरवाला खूश आणि स्टुडिओचा हिशोबही जमतो.

हिशोब मोठा गमतीदार होता. मेन पिक्चरचं भाडं बऱ्याचदा तिकीटविक्रीच्या टक्केवारीवर असायचं, म्हणजे गर्दी झाली तर स्टुडिओलाही फायदा. कार्टूनचं भाडं मात्र ठरलेलं. लोक पोट धरून हसले काय आणि पॉपकॉर्न आणायला उठून गेले काय, तेवढेच पैसे. मग थिएटरवाले ते घ्यायचे कशाला? तर बऱ्याचदा घ्यावंच लागायचं. मोठे स्टुडिओ आपला माल एकगठ्ठा विकायचे. रेशनच्या दुकानात साखर हवी असेल तर साबणाची वडीही घ्या म्हणतात ना, तसं. गर्दी खेचणारा पिक्चर हवाय? मग हे चार पडीक पिक्चर, ही न्यूजरील आणि ही कार्टूनंही घ्या. शिवाय पॅरामाउंट, वॉर्नर, एमजीएमची मूळ कंपनी लोज, या सगळ्यांची स्वतःचीच थिएटरांची साखळी होती, तिथे तर विचारायचाच प्रश्न नाही. म्हणजे कार्टूनला स्वतःचं गिऱ्हाईक शोधावंच लागत नव्हतं, जागा आधीच राखून ठेवलेली. मला वाटतं या एका गोष्टीमुळे ती माणसं इतकी मोकाट सुटू शकली. वरचे साहेब लोक कार्टूनकडे ढुंकून बघत नव्हते, कारण त्याच्यावर काही अवलंबूनच नव्हतं.

सुरुवात अर्थात याच्याही आधीची. विन्सर मॅके नावाच्या चित्रकाराने १९१४ मध्ये गर्टी नावाची डायनोसॉरीण पडद्यावर आणली, आणि ती थिएटरात नुसती दाखवली नाही, तर तो स्वतः चाबूक घेऊन स्टेजवर उभा राहून तिला हुकूम सोडायचा आणि पडद्यावरची गर्टी ते ऐकायची. त्याच सुमारास अर्ल हर्डने पारदर्शक सेलचं, म्हणजे सेल्युलॉइडच्या आरपार दिसणाऱ्या पातळ पानावर चित्र काढायच्या पद्धतीचं, पेटंट काढलं, त्यामुळे प्रत्येक चित्रात मागचं घर-झाड पुन्हा पुन्हा काढायची गरज संपली आणि कार्टून हा कारखान्यात काढता येईल असा माल झाला. १९१९ मध्ये फेलिक्स मांजर आलं, ते काढणारा होता ओटो मेस्मर, पण पडद्यावर नाव मात्र स्टुडिओच्या मालकाचं, पॅट सलिव्हनचं. न्यूयॉर्कमध्ये मॅक्स आणि डेव्ह फ्लायशर या भावांचा कोको नावाचा विदूषक दौतीतून बाहेर यायचा. याच फ्लायशरांनी १९२४ पासून गाण्यांची कार्टूनं काढली, पडद्यावर गाण्याचे शब्द आणि त्यावर टप्पे घेत जाणारा एक चेंडू, आणि अख्खं थिएटर चेंडूच्या मागे मागे गातंय. आज आपण ज्याला कराओके म्हणतो तो प्रकार म्हणजे मूकपटांच्या काळात पाचशे माणसांनी एकत्र करायची गंमत होती.

फ्लायशरांच्या त्या गाण्यांच्या कार्टूनांपैकी काही चक्क आवाजासकट होती, त्यामुळे डिस्नेचं 'स्टीमबोट विली' हे पहिलं बोलकं कार्टून असं जे सर्रास सांगितलं जातं ते काही खरं नाही. पण १८ नोव्हेंबर १९२८ ला न्यूयॉर्कच्या कॉलनी थिएटरात मिकी शिट्टी वाजवत आला तेव्हा फरक एवढाच होता की आवाज नंतर चिकटवलेला नव्हता, चित्रं आणि ताल एकत्र बांधलेले होते. डिस्नेकडे तेव्हा कार्ल स्टॉलिंग नावाचा माणूस आला, जो कॅन्सस सिटीच्या थिएटरांत मूकपटांना ऑर्गनची साथ करायचा. पडद्यावर रडारड चालू असताना हे वाजव, पाठलाग आला की ते वाजव, लग्न आलं की लग्नाचं, अशी सवय हातात भिनलेली. पुढे १९३६ मध्ये तो वॉर्नरकडे गेला आणि १९५८ पर्यंत तिथे त्याने सहाशेच्या वर कार्टूनांना संगीत दिलं. बग्ज बनीच्या मागे जी दर पाच सेकंदांनी चाल बदलते ना, ती त्या साथीदाराची सवय आहे.

आणि वॉर्नरकडे गाण्यांचा तोटा नव्हता. त्यांनी बोलपट आल्यावर संगीत प्रकाशनाच्या कंपन्याच विकत घेऊन ठेवल्या होत्या. १९३१ मध्ये 'मेरी मेलडीज' मालिका सुरू झाली तेव्हा अटच अशी की प्रत्येक कार्टूनमध्ये वॉर्नरच्या मालकीचं एक गाणं आलं पाहिजे. म्हणजे ही मालिका मुळात गाण्यांची जाहिरात. लोकांनी थिएटरात गाणं ऐकायचं आणि बाहेर जाऊन त्याच्या नोटेशनची पानं विकत घ्यायची. ससा आणि डुक्कर हे दोघे त्या जाहिरातीतून बाहेर पडलेले लोक आहेत. मला ही माहिती कळली तेव्हा जरा वाईटच वाटलं होतं, मग वाटलं की ठीक आहे, आपलीही कितीतरी चांगली गाणी पिक्चर विकण्यासाठीच झाली ना.

आता टॉम अँड जेरी. याच्यावर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे कारण माझा जीव तिथे आहे.

एमजीएम हा हॉलिवूडचा सगळ्यात श्रीमंत स्टुडिओ. पण त्यांच्या कार्टूनांना काही बरकत नव्हती, १९३७ मध्ये त्यांनी स्वतःचा कार्टून विभाग काढला आणि त्यावर फ्रेड क्विम्बी नावाचे साहेब बसवले, ज्यांना चित्रकलेतलं काही कळत नव्हतं. तिथे विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा भेटले. बार्बेरा न्यूयॉर्कमध्ये एकेकाळी बँकेत नोकरी करायचा, चित्र भराभर काढायचा आणि विनोद सुचायचे. हॅनाला ताल आणि वेळेचं गणित अचूक कळायचं. दोघांनी मांजर-उंदराची गोष्ट करायची म्हटल्यावर ऑफिसातली पहिली प्रतिक्रिया अशी की मांजर-उंदीर अजून किती वेळा करणार? १९४० च्या फेब्रुवारीत 'पुस गेट्स द बूट' लागलं. त्यात मांजराचं नाव जॅस्पर आहे. घरकाम करणारी बाई त्याला दम देते की अजून एक वस्तू फुटली तर तू बाहेर, आणि हे ऐकून उंदीर वस्तू फोडायला निघतो. बस, एवढीच गोष्ट. पुढची अठरा वर्षं कमीजास्त तीच.

क्विम्बीसाहेबांना मालिका करायचीच नव्हती. सगळी अंडी एका टोपलीत कशाला, असं काहीसं. मग टेक्सासमधल्या एका थिएटर-साखळीतल्या बाईंचं पत्र आलं की ते मांजर-उंदराचं गोड प्रकरण होतं, तसं अजून कधी येणार? आणि सूत्रं हलली. आता यात काय बघायचं, तर कुणी समीक्षक नाही, कुणी लहान मुलगा नाही, थिएटर चालवणाऱ्यांपैकी एका बाईने विचारलं म्हणून टॉम अँड जेरी आहेत. नावांसाठी स्टुडिओत चिठ्ठ्या मागवल्या, जॉन कार नावाच्या अॅनिमेटरने टॉम आणि जेरी सुचवलं आणि त्याला ५० डॉलर मिळाले. ५० डॉलर!

कामाची पद्धत अशी की चित्रं काढायच्या आधी सगळं तालावर बसवायचं. सेकंदाला २४ फ्रेम, सात मिनिटांना दहा हजारांच्या वर फ्रेम. प्रत्येक फ्रेमला नवं चित्र लागतंच असं नाही, बऱ्याचदा एक चित्र दोन फ्रेम धरतात, तरीसुद्धा हजारो चित्रं झाली. म्हणून हॅना आधी कागदावर ठरवायचा की टॉम किती ठोक्यांत धावणार, कुठल्या ठोक्यावर थांबणार, इस्त्री डोक्यात कितव्या फ्रेमला बसणार. पिक्चरसारखं आधी भरपूर शूट करून नंतर कापाकापी करायची चैन इथे नाही, कारण जे कापलं जाईल ते कुणीतरी आठवडाभर मान मोडून काढलेलं असतं. आपल्याला टॉमची इस्त्री अचूक वाटते त्याचं कारण हे आहे, पैसे नव्हते.

संगीत स्कॉट ब्रॅडलीचं. बोलणं जवळजवळ नाहीच, त्यामुळे सगळं बोलण्याचं काम त्याच्याकडे. माणूस साधासुधा नव्हता. १९४४ च्या 'पुटिंग ऑन द डॉग'मध्ये जेरी कुत्र्याच्या मुंडक्याखाली लपून चालतो तिथे त्याने बारा स्वरांची आधुनिक मांडणी वापरलीय, जी तेव्हा मैफिलीत वाजवली तर अर्धे लोक उठून गेले असते. थिएटरात तेच लोक हसत बसले. आणि टॉमची ती प्रसिद्ध किंकाळी, शेपूट सापळ्यात अडकल्यावरची, ती खुद्द हॅनाची. रेकॉर्डिंगच्या खोलीत डायरेक्टर स्वतः ओरडतोय.

या मालिकेला सात ऑस्कर मिळाले, पहिलं १९४३ च्या 'यँकी डूडल माउस'ला. सातही वेळा बक्षीस निर्मात्याचं, म्हणजे क्विम्बींचं. हॅना आणि बार्बेरा यांना स्टेजवर बोलावलं नाही. हे वाचून मला ओळखीच्या अनेक ऑफिसांची आठवण झाली, पण ते असो.

त्यातलं एक ऑस्कर 'द कॅट कॉन्चेर्टो'चं, टॉम सुटाबुटात पियानोवर संगीतकार लिस्टची हंगेरियन ऱ्हॅप्सडी वाजवतोय आणि जेरी आत झोपलाय. गंमत अशी की त्याच सुमारास वॉर्नरने 'ऱ्हॅप्सडी रॅबिट' काढलं, त्यात बग्ज बनी सुटाबुटात पियानोवर तीच ऱ्हॅप्सडी वाजवतोय आणि पियानोत उंदीर आहे. दोन्ही स्टुडिओंनी एकमेकांवर चोरीचा आरोप केला. कोणी कोणाचं ढापलं यावर जाणकार अजून भांडतात. मी दोन्ही लागोपाठ बघितली, विनोद वॉर्नरचा जास्त तिखट आहे पण टॉमची ती मानेची ऐट, प्रेक्षकांकडे न बघण्याची, ती मोठ्या गवयाकडे बारकाईने बघितल्याशिवाय येत नाही.

आता नको वाटणारी गोष्ट. टॉमला झाडूने बडवणारी ती बाई, जिचे फक्त पाय दिसतात. लहानपणी आमच्या घरात सगळे तिला टॉमची मालकीणच समजायचे. ती कृष्णवर्णीय मोलकरीण आहे, आवाज लिलियन रँडॉल्फ या अभिनेत्रीचा, आणि त्या काळातल्या अमेरिकन पडद्यावर कृष्णवर्णीय बाईला जो एक ठरलेला साचा होता, तोच तिचा साचा. तेव्हाच विरोध झाला होता, १९५२ नंतर ती दिसत नाही. पुढे १९६० च्या दशकात टीव्हीवर दाखवताना काही भागांत तिच्या जागी गोऱ्या मुलीचे पाय नव्याने काढून आवाजही बदलला, म्हणजे चूक दुरुस्त करण्याऐवजी माणूसच पुसून टाकलं. वॉर्नरची ११ कार्टूनं तर १९६८ पासून टीव्हीवर दाखवलीच जात नाहीत, इतकी वर्णद्वेषी आहेत. काही लोक म्हणतात तो काळच तसा होता. मला हे पटत नाही, कारण त्याच काळात विरोध करणारेही होते, त्यांचाही तो काळ होताच की.

हे सगळं मुलांसाठी नव्हतं, हे एकदा डोक्यात बसलं की बाकी बऱ्याच गोष्टी उलगडतात. प्रेक्षक संध्याकाळी कामावरून आलेले मोठे लोक. बेटी बूप तर १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बरीच चावट होती, १९३४ मध्ये सेन्सॉरचे नियम कडक झाल्यावर तिचा झगा लांब झाला आणि ती एकदम घरगुती झाली. युद्धाच्या काळात टेक्स अॅव्हरीने एमजीएमसाठी 'रेड हॉट रायडिंग हूड' काढलं, १९४३, त्यात लाल टोपीवाली ही नाइटक्लबमधली गायिका आहे आणि लांडग्याचे डोळे, जीभ सगळं बाहेर येतं. सैनिकांमध्ये ते भयंकर लोकप्रिय झालं. आपण तेच डोळे बाहेर येणं शाळेच्या वयात बघून हसत होतो.

अॅव्हरी हा माझ्या मते या सगळ्यांतला सगळ्यात मोठा माणूस, आणि त्याचे विनोद टीव्हीवर निम्मे मरतात. कारण ते थिएटरबद्दलच आहेत. १९३९ च्या 'थग्ज विथ डर्टी मग्ज'मध्ये प्रेक्षकांतून एक काळी सावली उठून निघते, पडद्यावरचा गुंड तिला बंदूक दाखवून खाली बसवतो, आणि शेवटी तीच सावली पोलिसांना चुगली करते की मी हे पिक्चर बघितलंय, हा कुठे जाणारे मला माहितीय. घरी सोफ्यावर बसून ही सावली म्हणजे नुसतं एक चित्र. अंधाऱ्या थिएटरात मात्र क्षणभर खरंच वाटणार की पुढच्या रांगेतला कोणीतरी उठला. 'मॅजिकल माएस्ट्रो'मध्ये (१९५२) गाणं चालू असताना पडद्याच्या कडेला एक केस थरथरत राहतो, प्रोजेक्टरमध्ये अडकतो तसा, आणि थोड्या वेळाने गाणारा हात लांब करून तो उपटून फेकतो. आता प्रोजेक्टरमध्ये केस अडकतो हेच ज्याला माहीत नाही त्याला यात काय हसू येणार? भाच्याला दाखवलं तर त्याने विचारलं, तो केस काढायला आधी का नाही थांबले? बरोबर आहे त्याचं.

चित्रं काढण्यामागची माणसं मात्र या मोकळेपणात नव्हती. अॅनिमेटर जवळजवळ सगळे पुरुष. त्यांच्या पेन्सिलच्या रेघा सेलवर शाईने गिरवायच्या आणि मागून रंग भरायचा, हे काम बायकांचं, मोठमोठ्या हॉलमध्ये रांगेत बसून. डिस्नेचं १९३८ चं एक पत्र उपलब्ध आहे, कामासाठी अर्ज करणाऱ्या एका मुलीला स्पष्ट लिहिलंय की चित्रनिर्मितीचं सर्जनशील काम इथे तरुण पुरुष करतात, बायका करत नाहीत. पगार कमी, नाव पडद्यावर नाही. १९३७ मध्ये फ्लायशरांकडे संप झाला, १९४१ मध्ये डिस्नेकडे झाला, आणि डिस्नेच्या संपात गूफीला चालायला शिकवणारा आर्ट बॅबिट संपकऱ्यांच्या पुढे होता. त्या संपानंतर बाहेर पडलेल्यांपैकी काहींनी पुढे यूपीए नावाचा स्टुडिओ उभा केला, सपाट रंग, मोजक्या रेघा, मिस्टर मगू वगैरे. ते दिसायला देखणं होतं, आणि कमी चित्रांतही कार्टून होतं हे त्यांनी दाखवून दिलं. ही गोष्ट पुढे हिशोबनीसांनी बरोबर उचलली.

वॉर्नरची मंडळी स्टुडिओच्या आवारातल्या एका मोडक्या लाकडी बंगल्यात बसायची, त्याला त्यांनीच वाळवीचं घर असं नाव दिलेलं. अॅव्हरी, चक जोन्स, क्लॅम्पेट, फ्रीलंग. याच मंडळींच्या हातून बग्जचा बग्ज झाला, १९४० च्या 'अ वाइल्ड हेअर'मध्ये. यांची एक गोष्ट मला फार आवडते. १९५७ च्या 'व्हॉट्स ऑपेरा, डॉक?'साठी, ज्यात जर्मन संगीतकार वाग्नरचा सगळा ऑपेरा सहा-सात मिनिटांत कोंबलाय, जोन्सला पाच आठवडे पुरेनात. मग त्यांनी टाइमकार्डवर रोड रनरचं काम चालू आहे असं लिहून सात आठवडे ऑपेऱ्यावर घालवले. रोड रनरला काय, एक वाळवंट आणि एक कडा. साहेबांना पत्ता नाही. १९९२ मध्ये हे कार्टून अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट वारशाच्या यादीत गेलं, म्हणजे खोट्या हजेरीवर झालेलं.

मग हे सगळं संपलं कसं? लोक टीव्हीला दोष देतात, पण सुरुवात कोर्टात झाली. १९४८ मध्ये अमेरिकन सुप्रीम कोर्टाने पॅरामाउंट खटल्यात निकाल दिला की हा एकगठ्ठा व्यवहार बेकायदा, आणि स्टुडिओंना आपली थिएटरं वेगळी करावी लागली. आता थिएटरवाला मोकळा. कार्टून घ्यायचंच असं नाही, आणि घेतलंच तर जास्त पैसे कशाला देऊ? इकडे युद्धानंतर पगार वाढलेले, खर्च वाढलेला, भाडं तेवढंच. १९५४ पासून टॉम अँड जेरीला सिनेमास्कोपच्या रुंद पडद्यासाठी ताणलं, तेही करून बघितलं. शेवटी एमजीएमच्या हिशोबनीसांच्या लक्षात आलं की जुनी कार्टूनं पुन्हा फिरवली तरी जवळपास तेवढेच पैसे येतात, मग नवी काढायची कशाला? १९५७ मध्ये वरून फोन आला आणि विभाग बंद. वीस वर्षांचं काम, फोनवर.

हॅना आणि बार्बेरा टीव्हीकडे गेले. जिथे एका टॉम अँड जेरीवर चाळीस-पन्नास हजार डॉलर जायचे तिथे टीव्हीवाले पाच मिनिटांचे तीनेक हजार देत होते. मग चालताना फक्त पाय हलवा, बोलताना फक्त ओठ, मान वेगळी काढता यावी म्हणून सगळ्या प्राण्यांना कॉलर नाहीतर टाय. त्यातून पुढे फ्लिंटस्टोन वगैरे आले. ते वाईट होते असं नाही, पण इस्त्री पुन्हा तशी डोक्यात बसली नाही.

आणि ती विचित्र टॉम अँड जेरी आठवतात? ज्यात आवाज विहिरीतून आल्यासारखे यायचे आणि टॉमचा मालक जाडा, रागीट, लालबुंद व्हायचा? आमच्या वयाच्या प्रत्येकाला त्यांची थोडी भीती वाटायची. ती १३ कार्टूनं १९६१-६२ मध्ये जीन डाइच या अमेरिकन माणसाने प्राग शहरात, अगदी तुटपुंज्या पैशात करून दिली, अशा चेक चित्रकारांकडून ज्यांनी मूळ टॉम अँड जेरी फारशी बघितलेलीच नव्हती. आता मला त्यांच्याबद्दल सहानुभूती वाटते. बघायची मात्र अजूनही इच्छा होत नाही.

वॉर्नरचा विभाग १९६३ मध्ये बंद झाला, नंतर थोडा धुगधुगला. गुलाबी चित्ता १९६४ ला आला तो या घराण्यातला बहुधा शेवटचा मोठा माणूस. वूडी वूडपेकरवाला वॉल्टर लँट्झ १९७२ पर्यंत नेटाने चालवत राहिला.

आपल्याकडे कार्टूनं झालीच नाहीत असं नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्येच काड्यापेटीतल्या काड्या हलवून 'आगकाड्यांची मौज' केली होती, तीसच्या दशकात प्रभातनेही 'जंबूकाका' काढला. मालिका मात्र उभी राहिली नाही, आणि त्याचं कारण कलाकार नव्हते असं मला वाटत नाही, ती मेन पिक्चरच्या आधीची पगारी जागाच कार्टूनसाठी कुणी राखून ठेवली नव्हती. स्वातंत्र्यानंतर ती जागा राखली सरकारने, फिल्म्स डिव्हिजनसाठी, म्हणजे न्यूजरील आणि माहितीपट काढणाऱ्या आपल्याच खात्यासाठी. थिएटरवाल्यांना सक्तीने दाखवावं लागायचं आणि वर कमाईतला १ टक्का भाडं म्हणून द्यावा लागायचा. तिथेही १९५६ मध्ये कार्टून विभाग निघाला, डिस्नेकडे 'बांबी'वर काम केलेला क्लेअर वीक्स मुंबईत येऊन शिकवून गेला, अॅनिमेटर राम मोहन तिथूनच पुढे आले. पण कुटुंबनियोजन आणि अल्पबचत यावर विनोद करायलाही मर्यादा असतात.

माझे एक काका सांगायचे की धोबी तलावचं मेट्रो एमजीएमने स्वतः बांधलेलं, १९३८ साली, त्यामुळे तिथे इंग्रजी पिक्चरच्या आधी टॉम अँड जेरी लागायचं आणि ते चुकू नये म्हणून लोक वेळेवर जायचे. हिंदी पिक्चरला मात्र न्यूजरील चुकावी म्हणून मुद्दाम दहा मिनिटं वड्याच्या गाडीवर काढायची.

आम्हाला मेट्रो मिळालं नाही, केबल मिळाली. टेड टर्नर या अमेरिकन टीव्ही-उद्योजकाने १९८६ मध्ये एमजीएमचा जुना सगळा साठा विकत घेतला, त्यात पिक्चरही आले आणि टॉम अँड जेरीही. १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क आपल्याकडे सुरू झालं तेव्हा ते एकटं नव्हतं, त्याच चॅनलवर दिवसा कार्टूनं आणि रात्री टीएनटी नावाने हॉलिवूडचे जुने पिक्चर. म्हणजे कुणी न ठरवता १९४५ चा कार्यक्रम पत्रिकेसकट आमच्या हॉलमध्ये लागत होता. आधी मांजर-उंदीर, मग एमजीएमच्या बोधचिन्हातल्या सिंहाची डरकाळी आणि मेन पिक्चर, ज्याच्यासाठी तेव्हा लोकांनी तिकिटं काढली होती, ज्याच्यावर स्टुडिओने लाखो डॉलर ओतले होते, ज्याच्यासोबत हे सात मिनिटांचं शेपूट फुकटात जोडून दिलेलं होतं.

डरकाळी आली रे आली की आम्ही चॅनल बदलायचो.